फौजदार व्हावं की थेट आयपीएस? आयुक्तपदाच्या वाटेचा हिशेब

वाचकाचं पत्र: "मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी माध्यम. जन्म ऑक्टोबर २००५. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. मला शहराची पोलीस आयुक्त व्हायचंय. मामा म्हणतात, आधी फौजदार हो, मग चढत चढत आयुक्त होशील. मैत्रीण म्हणते, पुण्याला क्लास लावल्याशिवाय काही होत नाही. माझी उंची १५६ सेंटिमीटर आहे आणि चष्मा आहे. खरं सांगायचं तर आयुक्त नेमकं काय करतात, हेही मला नीट माहीत नाही. सुरुवात कुठून करू?"
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा १५६ आहे. त्याकडे येतोच. पण आधी मामांचा सल्ला बघू, कारण तिथे वाट चुकली तर ती तीस वर्षांनी लक्षात येते.

पोलीस आयुक्त या पदाची जाहिरात कधी निघत नाही आणि त्याची परीक्षाही नसते. ती बदलीने मिळणारी नेमणूक आहे. भारतीय पोलीस सेवेतल्या, म्हणजे आयपीएस अधिकाऱ्याला राज्य शासन त्या खुर्चीवर बसवतं. म्हणून "आयुक्त कसं व्हायचं" हा प्रश्न बदलून घे. आयपीएसमध्ये कुठल्या दाराने आणि कितव्या वर्षी शिरायचं, हा खरा प्रश्न. कारण प्रत्येक शहराच्या आयुक्ताचा दर्जा वेगळा असतो आणि त्या दर्जाला पोचायला ठरावीक वर्षं लागतात.

सोलापूरच्या आयुक्तपदावर साधारण उपमहानिरीक्षक, म्हणजे डीआयजी दर्जाचा अधिकारी असतो. पुणे आणि नागपूरला अपर महासंचालक. मुंबईला अपर महासंचालक किंवा महासंचालक. आता सेवेची वर्षं मोज. आयपीएसमध्ये रुजू झाल्यावर चार वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, तेराव्या वर्षी निवडश्रेणी, चौदा वर्षांनी डीआयजी, अठराव्या वर्षी महानिरीक्षक, पंचवीस वर्षांनी अपर महासंचालक आणि तीस वर्षांनी महासंचालक. ही किमान वर्षं आहेत. जागा रिकामी नसेल तर आणखी थांबावं लागतं. समज, तू पंचविसाव्या वर्षी सेवेत आलीस, तर सोलापूरच्या खुर्चीला लागणारा दर्जा चाळिशीच्या आसपास मिळेल आणि पुण्याच्या खुर्चीचा पन्नाशीला. आयपीएसची निवृत्ती साठीला. शहर जेवढं मोठं, तेवढी खुर्ची उशिरा आणि हातात उरलेली वर्षं कमी.

याच हिशेबात फौजदाराची वाट धरून बघ. पोलीस उपनिरीक्षक, मग सहायक निरीक्षक, मग निरीक्षक, मग सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक. यातली प्रत्येक पायरी ज्येष्ठता यादीवर आणि रिकाम्या जागांवर चालते. राज्याच्या पोलीस सेवेत निवृत्ती अठ्ठावन्नला आहे. पंचविशीत फौजदार झालेली व्यक्ती निरीक्षक होईतो चाळिशी ओलांडू शकते, आणि बहुतेकांची नोकरी सहायक आयुक्तपदाच्या अलीकडे-पलीकडे संपते. तिथून पुढे आयपीएसच्या निवड यादीत नाव लागायचं आणि मग डीआयजीचा दर्जा मिळायचा, एवढी वर्षंच शिल्लक राहत नाहीत. मामांना वाईट वाटू देऊ नकोस. फौजदाराची नोकरी मोठीच आहे. पोलीस ठाण्यात आलेल्या बाईची फिर्याद कोण लिहून घेतं यावर तिचा अख्खा खटला उभा राहतो किंवा पडतो. पण ती आयुक्तपदाची पहिली पायरी नाही, ते स्वतंत्र आयुष्य आहे. ते हवं असेल तर त्याच्यासाठीच निवड.

मधली एक वाट आहे. एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा देऊन थेट उपअधीक्षक किंवा सहायक पोलीस आयुक्त होता येतं. या पदावर किमान आठ वर्षं झालेल्या अधिकाऱ्याचा आयपीएससाठी विचार होऊ शकतो आणि पदोन्नतीने भरायच्या जागा एक तृतीयांश असतात. आठ वर्षं हा नियमातला आकडा. प्रत्यक्षात रांग फार लांब असते आणि निवड समितीची बैठक लांबली की ती आणखी लांबते. आयपीएसमध्ये आल्यावर आधीच्या नोकरीचं वजन धरून 'अलॉटमेंट इयर', म्हणजे ज्येष्ठता मोजायचं वर्ष, काही वर्षं मागचं मिळतं, म्हणून या वाटेने आलेले अधिकारी डीआयजीपर्यंत पोचतात आणि सोलापूरसारख्या आयुक्तालयाचे प्रमुखही झालेले आहेत. पुणे-मुंबईच्या खुर्चीपर्यंत मात्र वेळ पुरत नाही.

आता तुझी उंची. एमपीएससीकडून होणाऱ्या पोलीस पदांना, उपअधीक्षक असो की फौजदार, महिलांची किमान उंची अनवाणी १५७ सेंटिमीटर लागते. आयपीएसला महिलांची किमान उंची १५० आहे. पोलीस शिपाई भरतीला १५५. म्हणजे मामांनी दाखवलेलं दार तुझ्यासाठी एका सेंटिमीटरने बंद आहे आणि ज्याला सगळे अवघड म्हणतात ते दार उंचीच्या बाबतीत आरामात उघडं आहे. दरवर्षी कितीतरी मुली दोन-तीन वर्षं फौजदारकीचा अभ्यास करून, लेखी परीक्षा पास होऊन मैदानावर मोजपट्टीपाशी बाद होतात. आधी कुणी मोजायला सांगितलेलं नसतं म्हणून.

म्हणून या आठवड्यात नीट मोजून घे. चप्पल-मोजे काढून, टाचा, पाठ आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचा काटकोन ठेवायचा, वेणीवर नाही, टाळूवर. तीन वेळा मोज आणि सकाळी उठल्या-उठल्या मोज. दिवसभरात पाठीच्या कण्यावर भार पडून उंची साधारण एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरते. तुझे १५६ संध्याकाळचे असतील तर सकाळी १५७ भरू शकतात, पण भरतीतली मोजणी कुठल्या वेळी होईल ते तुझ्या हातात नाही. काठावरच्या आकड्यावर तीन वर्षं लावू नकोस. उंची वाढवण्याच्या गोळ्या आणि लटकण्याचे कोर्स विकणाऱ्यांना विसाव्या वर्षी एक रुपयाही देऊ नकोस.

चष्म्याची चिंता सोड. आयपीएसला चष्मा लावून नजर पुरेशी येत असेल तर चालतं. चालत नाही तो रंगांधळेपणा, आणि तिरळेपणाही अपात्र ठरवतो. रंग ओळखण्यातला सौम्य दोष माणसाला स्वतःला जन्मभर कळत नाही. यूपीएससी पास होऊन वैद्यकीय तपासणीत तो निघाला तर आयपीएस हुकते, दुसरी सेवा घ्यावी लागते. हे पाच वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

म्हणजे तुझी मुख्य परीक्षा यूपीएससीची नागरी सेवा. वय परीक्षेच्या वर्षाच्या १ ऑगस्टला २१ पूर्ण लागतं. तुझा जन्म ऑक्टोबरचा, म्हणून २०२६ ला तू बसू शकत नाहीस. पहिली संधी २०२७. तेव्हा तू तिसऱ्या वर्षाला असशील, तेही चालतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पूर्व परीक्षेला बसू देतात, मुख्य परीक्षेच्या वेळी पदवीचा पुरावा द्यावा लागतो. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न, ओबीसींना ३५ पर्यंत नऊ, अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत आणि प्रयत्नांना मर्यादा नाही. नुसता अर्ज भरला तर प्रयत्न मोजला जात नाही. पूर्व परीक्षेच्या एका पेपरला जरी बसलीस तरी मोजला जातो. तेव्हा २०२७ चा फॉर्म भर, पण मार्चपर्यंत तयारी झालेली नसेल तर "अनुभव घ्यायला" म्हणून बसू नकोस. अनुभव घरी घड्याळ लावूनही घेता येतो. अर्जाची फी शंभर रुपये, महिलांना तीही माफ.

इथे एक खाचखळगा फक्त महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आहे. राज्याच्या यादीतले विमुक्त-भटके आणि विशेष मागास हे प्रवर्ग यूपीएससीत नसतात. तिथे बघायचं असतं की तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का. असेल तर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, नॉन-क्रीमीलेअरसह काढावं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडून अडकलेली मुलं दरवर्षी असतात. सेतूत अर्ज करतानाच "केंद्राचा नमुना" असं स्पष्ट सांग आणि त्यावरची तारीख यूपीएससीच्या जाहिरातीशी पडताळ.

मराठी माध्यमाबद्दल नीट ऐक, कारण इथे अर्धवट माहिती फार फिरते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि मुलाखतही मराठीतून देता येते. हे सगळं खरं. पण भाषा-साहित्याचे पेपर सोडले तर प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच छापलेली असते, पूर्वची आणि मुख्यचीही. उत्तर मराठीत लिहिलंस तरी प्रश्न इंग्रजीत वाचून समजावा लागतो, तोही भराभर. शिवाय मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर असतो. त्याचे गुण धरत नाहीत, पण त्यात ७५ मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासले जात नाहीत. मराठीच्या भाषा पेपरलाही तोच नियम.

आणि सीसॅट. पूर्वचा दुसरा पेपर, ८० प्रश्न, दोन तास, प्रत्येकी अडीच गुण, चुकलं की एक तृतीयांश कापतात. फक्त ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ हवेत. २७ उत्तरं बरोबर आणि एकही चूक नाही, तर काम झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण कला शाखेच्या मुलांचा घात इथेच होतो: इतिहास-राज्यशास्त्रात पहिले, आणि सीसॅटमध्ये ६० वर अडकून वर्ष वाया. दहावीपर्यंतचं अंकगणित (शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग) रोज पाऊण तास. इंग्रजी उतारे रोज दोन. याला आजपासून सुरुवात कर. बाकी विषय सहा महिने उशिरा धरलेस तरी चालेल.

मुख्य परीक्षेचा गाभा १७५० गुणांचा, मुलाखत २७५ ची. सामान्य अध्ययनाच्या प्रत्येक पेपरात तीन तासांत वीसेक प्रश्न. एकाला नऊ मिनिटं, त्यातच वाचायचं, विचार करायचा, लिहायचं. नुसतं वाचन करून हे जमत नाही. हाताला सवय लागते. दुसऱ्या वर्षापासून रोज एक उत्तर, कोऱ्या कागदावर, नऊ मिनिटं, पेनाने.

पुण्याचा क्लास? ज्याला रोजचा अभ्यास स्वतः ठरवता येत नाही त्याला क्लास उपयोगी पडतो. पण क्लासमध्ये शिकवलं जातं त्याहून जास्त खर्च खोली, मेस आणि टेस्ट सिरीजवर होतो आणि तो दर महिन्याला होतो. यंत्रमागाच्या पगारावर कर्ज काढून दुसऱ्या वर्षी पुण्याला जाऊ नकोस. पदवी सोलापुरातच पूर्ण कर. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा शहरात आहे, पेठापेठांत अभ्यासिका आहेत. शेवटच्या वर्षात राज्य शासनाच्या प्रशासकीय पूर्वप्रशिक्षण केंद्रांची प्रवेश परीक्षा दे. मुंबई, नागपूर, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी ती केंद्रं आहेत. आपल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या शासनाच्या संस्थांच्या योजनांचा अर्ज भर. त्यातून निवड झाली तर शिकवणीबरोबर विद्यावेतनाचाही आधार मिळतो. मग पुणे किंवा दिल्ली.

आयपीएसच्या जागा वर्षाला साधारण दीडशे ते दोनशे, संपूर्ण देशासाठी. निवड झाली तरी महाराष्ट्र केडर, म्हणजे नोकरीसाठी महाराष्ट्र राज्य, मिळेलच असं नाही. स्वतःच्या राज्यातल्यांना एक जागा तर बाहेरच्यांना दोन, अशा प्रमाणात वाटप होतं. आयुक्त व्हायचंय ते सोलापूरचीच, की कुठल्याही मोठ्या शहराची, हे मनाशी आधी ठरव. हैदराबाद, बंगळूर, लखनौ इथेही आयुक्तालयं आहेत आणि दुसऱ्या राज्यात गेलेली आपली माणसं तिथे नावाजलेली आहेत. तेलुगू तर तुला घरातूनच येतं.

निवडीनंतर मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग हैदराबादची सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी आणि मधे जिल्ह्यातलं प्रत्यक्ष काम. त्या जिल्ह्याच्या महिन्यांत परिविक्षाधीन अधिकाऱ्याला पोलीस ठाणं चालवायला देतात. बरेच जण हा काळ कसाबसा काढतात. तू काढू नकोस. स्टेशन डायरी कशी लिहितात, मुद्देमालाची खोली कशी लावतात, रात्रपाळीच्या हवालदाराला जेवायला कधी मिळतं, हे जिने तेव्हा बघितलं नाही तिला वीस वर्षांनी आयुक्त म्हणून कागदावर सगळं आलबेल दिसतं.

आता तुझा शेवटचा प्रश्न: आयुक्त करतात काय? यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण फोटोत दिसतात त्या गाड्या आणि सलाम म्हणजे हे काम नव्हे.

आधी हद्द समजून घे. सोलापूर शहर आयुक्तालयात सात पोलीस ठाणी: फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, जोडभावी पेठ, एमआयडीसी, विजापूर नाका आणि सलगर वस्ती. त्याबाहेरचा जिल्हा ग्रामीण पोलीस अधीक्षकांचा. आषाढी वारीचा पंढरपूरचा बंदोबस्त शहर आयुक्तांकडे नसतो. पण अधीक्षक आणि आयुक्त यांच्यात दर्जाच्या फरकापेक्षा महत्त्वाचा फरक अधिकाराचा आहे. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश, शस्त्र परवाना, हद्दपारीचे बरेचसे निर्णय जिल्हाधिकारी किंवा प्रांत घेतात आणि पोलीस अधीक्षक प्रस्ताव पाठवतात. आयुक्तालयात हे अधिकार पोलिसांच्याच हातात असतात. मागणारा आणि देणारा एकच. म्हणून आयुक्ताच्या सहीला न्यायालयात फार बारकाईने तपासलं जातं आणि म्हणून हे काम मुळात आदेश लिहिण्याचं, फाइल वाचण्याचं आहे.

एक उदाहरण जवळून बघ. महाराष्ट्रात १९८१ चा एमपीडीए कायदा आहे. हातभट्टीवाले, झोपडपट्टी दादा, धोकादायक व्यक्ती यांना खटला न चालवता जास्तीत जास्त बारा महिने स्थानबद्ध करता येतं. आदेशावर आयुक्त स्वतः सही करतात. प्रस्ताव ठाण्याच्या निरीक्षकाकडून येतो. त्यात अलीकडचे गुन्हे आणि नाव गुप्त ठेवून घेतलेले साक्षीदारांचे इन-कॅमेरा जबाब, जे सहायक आयुक्ताने स्वतः पडताळलेले असतात. सही झाली की घड्याळ सुरू होतं. शासनाची मंजुरी बारा दिवसांत आली नाही तर आदेश संपला. स्थानबद्धतेची कारणं त्या माणसाला पाच दिवसांच्या आत द्यायची. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे. मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत.

हे आदेश उच्च न्यायालयात रद्द होतात ते बहुधा ठरलेल्या कारणांनी. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत महिने गेलेले असतात, मग "तातडीचा धोका" कुठे राहिला? आरोपीला आधीच्या गुन्ह्यात जामीन मिळालेला असतो आणि तो जामिनाचा आदेश आयुक्तांपुढे ठेवलेलाच नसतो. त्याने केलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. आणि सोलापुरात खास महत्त्वाचं कारण म्हणजे भाषा. कारणं त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला मराठीचे दोनशे कागद दिले, तेलुगू किंवा कन्नड किंवा उर्दू भाषांतर दिलं नाही किंवा उशिरा दिलं, की आदेश कोसळतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच रस्त्यावर बोलल्या जाणाऱ्या शहरात हे रोजचं काम आहे. तुझ्या घरची भाषा तू पत्रात जणू सांगून टाकल्यासारखी लिहिली आहेस. पूर्व भागातली म्हातारी तेलुगूत काय सांगतेय ते दुभाष्याशिवाय कळणारा अधिकारी आणि न कळणारा अधिकारी, यांच्या फाइली वेगळ्या होतात.

हद्दपारी, ज्याला आपण तडीपारी म्हणतो, तिचंही तसंच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५९ ची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग उपायुक्तांचा आदेश, त्यावर तीस दिवसांत शासनाकडे अपील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालन्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की हद्दपारी हा असाधारण उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षं का, याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. छापील नमुन्यात नाव बदलून दिलेले आदेश म्हणूनच टिकत नाहीत.

आणि दर्जाचा फरक खुर्चीच्या कामातही उतरतो. संघटित गुन्हेगारीच्या मोक्का कायद्यात, १९९९ च्या, गुन्ह्याला तो कायदा लावायची पूर्वपरवानगी डीआयजीच्या खालचा अधिकारी देऊ शकत नाही आणि न्यायालयात जाण्याआधीची मंजुरी अपर महासंचालकाच्या खालचा देऊ शकत नाही. म्हणजे सोलापूरचे आयुक्त पहिलं दार उघडू शकतात, दुसऱ्यासाठी फाइल वर पाठवावी लागते. पुण्याच्या आयुक्तांना ती पाठवावी लागत नाही.

दुसरं मोठं काम बंदोबस्त. सिद्धेश्वर यात्रेचं बघ. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, पुढे होमप्रदीपन आणि शोभेचं दारूकाम. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी होम मैदानावर वेगळी. तू लहानपणापासून हे बघितलंस ते गर्दीतून. आता ते योजनेच्या कागदावरून बघ.

मार्ग तुकड्यांत वाटतात आणि प्रत्येक तुकड्याला एक निरीक्षक देतात. मार्गावरचे पॉइंट क्रमांकाने ठरतात, गल्लीचं तोंड, वळण, अरुंद जागा, खाली लोंबणारी तार. समज, ६० पॉइंट आहेत. प्रत्येकी दोन माणसं, दोन पाळ्या: २४०. त्यावर दहा टक्के राखीव: २६४. त्याशिवाय वाहतूक, साध्या वेशातली पथकं, मंदिराच्या आतलं पथक. मनुष्यबळ पुरत नाही म्हणून होमगार्ड आणि राज्य राखीव दल मागवतात. राखीव दलाचा गट क्रमांक १० सोलापुरातच आहे, ही मोठी सोय. वाहतूक वळवण्याची अधिसूचना पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली आधी काढून वर्तमानपत्रात पोचवावी लागते. रुग्णवाहिकेची मोकळी गल्ली नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवायची. बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा रुंद ठेवायची. माणसं थोडी थोडी करून येतात, पण परततात एकदम.

बिघडतं कुठे? सूचना शेवटच्या क्षणी दिल्या जातात, मग पॉइंटवरच्या शिपायाला आपली हद्द कुठून कुठे तेच माहीत नसतं. जेवणाची बदली पाळी ठरलेली नसते, म्हणून दुपारी दोनला अर्धे पॉइंट रिकामे दिसतात. रात्री नाकाबंदीला उभं केलेल्या माणसालाच सकाळी सहाला मिरवणुकीला लावलेलं असतं आणि संध्याकाळी त्याचाच तोल सुटतो. बंदोबस्तातल्या लाठीमाराच्या चौकशा खणत गेलं तर खाली ड्यूटीचा तक्ता सापडतो. महिला पोलिसांसाठी पॉइंटजवळ स्वच्छतागृह ठरवलेलं नसतं, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. आयुक्त झालीस तर योजनेत हा रकाना तू घाल.

मिरवणुका इथे वर्षभर: आंबेडकर जयंती, गणपती, मोहरम, मार्कंडेय रथ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, शासनाने ठरवलेले वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. एका मंडळाला दहा मिनिटं जास्त दिली की पुढच्या वर्षी सगळी मंडळं ती दहा मिनिटं हक्काने मागतात. मंडळांच्या बैठका दोन महिने आधी, चहा पाजून, नावानिशी ओळख ठेवून घ्याव्या लागतात. आणि या शहरातल्या गर्दीसमोर उभं राहणाऱ्याने १९३० सालचं सोलापूर वाचलेलं असावं. त्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली. त्यांच्या नावाचा चौक तू रोज ओलांडतेस.

उरलेला दिवस माणसांचा. महिन्याची गुन्हे आढावा बैठक, सात ठाण्यांच्या निरीक्षकांना समोर बसवून: किती गुन्हे, किती उघड, साठ-नव्वद दिवसांत दोषारोपपत्र न गेल्यामुळे किती आरोपी जामिनावर सुटले. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ गेला का, हे १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांमुळे आता विचारावं लागतं. मग ऑर्डरली रूम, जिथे शिपाई आपली रजा, क्वार्टर, बदली, मुलाची शाळा घेऊन उभा राहतो. ही भेट टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शहरात काय शिजतंय ते सगळ्यात शेवटी कळतं.

एवढं करून खुर्ची किती दिवस? कायद्याने साधारण दोन वर्षं. पोलीस सुधारणांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २००६ चा. त्यानंतर राज्याने अधिनियमात दुरुस्ती करून हा कार्यकाळ घातला आणि आस्थापना मंडळं नेमली. पण आयपीएसच्या बदलीचा अंतिम अधिकार मुख्यमंत्र्यांकडे आहे आणि अपवादात्मक परिस्थितीत मुदतीआधीही बदली होऊ शकते, होतेही. म्हणून आम्ही तुला म्हणतो, आयुक्तपद मिळालं नाही तरी जी नोकरी आवडेल ती निवड. अधीक्षक म्हणून दोन जिल्हे, एखादं प्रशिक्षण केंद्र, सायबर, राखीव दल, तुरुंग. वीस-पंचवीस वर्षांत खुर्च्या बदलत राहतात. मुलींसाठी वाट नाही असं कुणी म्हणालं तर पुण्याकडे बोट दाखव: मीरा बोरवणकर आणि रश्मी शुक्ला तिथे आयुक्त होत्या आणि शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या.

घरची ओढाताण असेल तर एक तोडगा सांगतो. पोलीस शिपाई भरतीला तुझी उंची बसते, बारावीवर अर्ज करता येतो. नोकरीत राहून, कार्यालयाला लेखी कळवून यूपीएससी देता येते. दिवसाची ड्यूटी आणि रात्रीचा अभ्यास फार जड जातो, हे आधीच सांगतो. पण आईच्या विड्यांवर घर चालत असेल तर हा मार्ग लाजेचा नाही. राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार पदासाठी १५७ ची अट नाही, तोही फॉर्म दरवर्षी भर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे दोन्हींचा अभ्यास बराचसा एकच होतो.

या महिन्यात तीन गोष्टी कर. भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता यांची मराठी प्रत वाचनालयात मागून रोज पाच कलमं वाच, गाईड नको, मूळ कायदा. दहावीचं गणिताचं पुस्तक कपाटातून काढ. आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या नेत्रविभागात जाऊन चष्म्याच्या नंबराबरोबर रंगदृष्टीची तपासणी मागून घे, ठिपक्यांतले आकडे ओळखायच्या पुस्तकाची. ती आपणहून करत नाहीत, सांगावं लागतं. निकालाचा कागद जपून ठेव आणि सकाळच्या उंचीचा आकडा आम्हाला कळव.